रंग लावलेला पुरुष

पुरुषाने कसे दिसावे याची काळजी बायकांपेक्षा पुरुषांनाच अधिक असते, असे माझे पुष्कळ दिवसांचे निरीक्षण आहे. एके काळी आपल्याकडे मिशी सफाचट केलेला तरुण रस्त्यात भेटला की लोक हळूच विचारीत, "काय रे, वडील कधी गेले?" पुढे तीच मिशी शौक म्हणून उतरू लागली, तेव्हा घरोघरच्या वडीलधाऱ्यांनी 'आता मर्दानगी संपली' असा निकाल देऊन टाकला. मर्दानगी काही संपली नाही. मिशी तेवढी संपली. मग शेंडी गेली, धोतर गेले, १९६४ च्या सुमारास बीटल्स मंडळींच्या नादाने पोरांचे केस कानांवर आले, आणि प्रत्येक वेळी तोच निकाल नव्याने लागला. इतक्यांदा संपूनही पुन्हा संपण्यासाठी शिल्लक राहते, त्या अर्थी ही मर्दानगी मोठी चिवट वस्तू असली पाहिजे!

आजचा आरोपी मात्र परमुलुखातला आहे. दक्षिण कोरियातल्या गाणाऱ्या-नाचणाऱ्या तरुणांच्या टोळ्यांनी गेल्या पंधरा-वीस वर्षांत सगळ्या जगातल्या पोराटोरांना वेड लावले आहे. या गाण्यांना 'के-पॉप' म्हणतात. या टोळ्यांतले मुलगे चेहऱ्याला रंग लावतात, डोळ्यांत काजळरेघ ओढतात, केस गुलाबी नाहीतर निळे रंगवतात, कानांत लोंबते डूल घालतात, आणि तरीही लाखो मुली त्यांच्यावर जीव टाकतात. ही शेवटची गोष्ट पुष्कळ पुरुषांना अधिक झोंबते, असा मला संशय आहे.

या विषयावर लिहिण्याचा विचार मला मुंबईत सुचला असता तर नवल नव्हते. तो सुचला दाभोशात. पालघर जिल्ह्यातल्या जव्हार तालुक्यात, जव्हार गावापासून वीसेक किलोमीटरवर हे आदिवासी खेडे आहे. लेंडी नदी इथे सुमारे ३०० फूट खाली उडी घेते, आणि पावसाळ्यात तो धबधबा पाहायला मुंबई-नाशिकची मंडळी गाड्या भरभरून येतात. मी गेलो तो आश्विनात, गर्दी ओसरल्यावर. भात कापणीला आले होते, नागली-वरईचे उतार पिवळे पडले होते. त्या भागातल्या एका शिक्षकमित्राच्या ओळखीने एका शेतकऱ्याच्या घरी दोन रात्री मुक्काम झाला.

त्या घरचा थोरला मुलगा सतरा वर्षांचा, जव्हारला शिकणारा, सुट्टीत घरी आलेला. केस भुवयांपर्यंत उतरलेले, ओठांना कसलेसे मलम, एका कानात बारीक बाळी. हातात फोन, आणि फोनवर सात कोरियन तरुण एकाच ठेक्यावर पावले टाकीत होते. पाड्यावर फोनला रेंज येते ती एका ठरावीक खडकावर. मुलगा सकाळ-संध्याकाळ तिथे जाऊन गाणी उतरवून घ्यायचा आणि रात्री घरात बसून पाहायचा.

"बघा ना साहेब," घरधनी मला म्हणाला, "पोरीसारखा करतो हा. उद्या लगीन कोण करील याच्याशी?"

मुलाने मान वर केली नाही. फोनकडे पाहतच तो म्हणाला, "बाबा, तू बोहाड्यात लुगडं नेसतोस, ते काय?"

बाप क्षणभर थांबला आणि मग म्हणाला, "ते देवीचं सोंग आहे. पहाट झाली की उतरतं."

या एका वाक्यात सगळा विषय आला, असे मला त्या क्षणी वाटले. तो उलगडून सांगायचा तर आधी बोहाड्याविषयी चार शब्द लिहिले पाहिजेत.

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात होळीनंतरच्या दिवसांत गावोगावी बोहाडा होतो. रात्रभर संबळ आणि पिपाणी वाजत असते, टेंभ्यांचा उजेड असतो, आणि त्या उजेडात देवदेवता, राक्षस आणि पुराणातली पात्रे एकामागून एक नाचत येतात. मुखवटे लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे असतात. कोणते सोंग कोणाच्या घराण्याचे हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते, आणि ते सोंग घेणे हा मान असतो. शेवटी जगदंबा येते आणि महिषासुराशी तिचे युद्ध होते. ही सोंगे घेणारे परंपरेने पुरुषच. म्हणजे दिवसा नांगर धरणारा, लाकडे फोडणारा गडी रात्री लुगडे नेसून, बांगड्या भरून, देवी होऊन नाचतो, आणि सारे गाव त्याच्या पाया पडते. त्या वेळी त्याला कोणी बायकी म्हणत नाही. म्हणण्याची कोणाची छाती नाही.

आणि या मुलुखात बायकांची आणि पुरुषांची कामे शहरातल्या माणसाला वाटते तशी आखलेली नाहीतच. वारल्यांचे लग्न भटजी लावीत नाही, धवलेरी लावते. ती बाई असते, आणि तिच्या गाण्यावाचून लग्न लागत नाही. लग्नात भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिण्याचे काम पूर्वापार सवाष्णींचे. ते काम डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी हाती घेतले. १९७० नंतरच्या काळात या पुरुषाने बायकांची ही कला भिंतीवरून कागदावर आणि कापडावर आणली, लग्नाच्या दिवसापुरती होती ती रोजची केली, आणि जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते वारले. त्यांच्यामागून कितीतरी वारली तरुण चित्रे काढून पोट भरू लागले. बायकांचे काम करतो म्हणून आज कोणी त्यांना हसत नाही.

म्हणजे रंग लावलेला पुरुष, नटलेला पुरुष, बायकांची कला हाती घेणारा पुरुष, यांतले काहीच आपल्याला नवे नाही. मग त्या सतरा वर्षांच्या पोराच्या ओठांवरच्या मलमाने बाप इतका का बिचकला?

आपल्या रंगभूमीकडे पाहिले की याचे उत्तर सापडू लागते. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागेचे कुस्तीचे मैदान उभे केले, आणि त्याच्या शेजारीच १९१५ साली पॅलेस थिएटर बांधले. आज त्या नाट्यगृहाला केशवराव भोसल्यांचे नाव आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये ते आगीत जळाले तेव्हा सारे कोल्हापूर हळहळले. एका अंगाला तांबड्या मातीत पैलवान शड्डू ठोकताहेत, आणि दुसऱ्या अंगाला पुरुष शालू नेसून, गजरा माळून 'अहो आर्यपुत्र' म्हणताहेत. आणि दोन्हीकडे प्रेक्षक तेच! ज्या राजाने कुस्तीला आश्रय दिला त्यानेच नाटकालाही दिला, आणि त्यात त्याला किंवा त्याच्या प्रजेला काही विसंगत वाटले नाही.

बालगंधर्वांचे तर काय सांगावे! नारायण श्रीपाद राजहंस हा पुरुष लुगडे कसे नेसतो, खोपा कसा घालतो, पदर कसा सावरतो, हे पाहून चांगल्या चांगल्या घरच्या स्त्रिया आपले नेसणे सुधारीत. म्हणजे स्त्रीने कसे दिसावे हे महाराष्ट्राने काही काळ एका पुरुषाकडून शिकून घेतले. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'मानापमाना'चा संयुक्त प्रयोग झाला. केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. वीर आणि त्याची प्रेयसी, दोघेही पुरुष, आणि पैसा जमा होतो आहे स्वराज्यासाठी! त्या रात्री कोणी 'मर्दानगी संपली' असे म्हटल्याचे ऐकिवात नाही.

परंतु याच 'मानापमाना'ची दुसरी हकीकतही सर्वांना ठाऊक आहे. १९११ साली या नाटकाचा पहिला प्रयोग होता, आणि त्याच दिवशी बालगंधर्वांची लहानगी मुलगी वारली. तरीही प्रयोग झाला. भामिनीच्या वेशात त्यांनी हवे तेवढे लाजावे, रुसावे, मुरकावे. बाप म्हणून रडण्याला मात्र त्या रात्री जागा नव्हती. या गोष्टीकडे आपण कर्तव्यनिष्ठेचा कळस म्हणून पाहतो, आणि ते योग्यच आहे. पण तिच्यात आणखीही काही आहे. सोंगातल्या स्त्रीला भावना मोकळ्या, आणि सोंगामागच्या पुरुषाला त्या बंद, हा तो करार आहे.

बोहाड्यातला तो बाप याच कराराविषयी बोलत होता. रिंगणात लुगडे नेस, देवी हो, सारे गाव तुझ्या पाया पडेल. पण पहाट झाली की रंग पूस आणि गडी हो. जो वेळेवर रंग पुसतो त्याला मान. ज्याचा रंग पुसला जात नाही त्याची काय गत होते हे पाहायचे असेल तर तमाशातल्या नाच्याकडे पाहावे. गणपत पाटील या गुणी नटाने मराठी चित्रपटांत नाच्या इतका हुबेहूब उभा केला की पडद्यावरचा शिक्का त्यांना पडद्याबाहेरही पुसता आला नाही. आनंद यादवांच्या 'नटरंग' कादंबरीत आणि तिच्यावरून २०१० साली निघालेल्या चित्रपटात हीच व्यथा आहे. पैलवानी अंगाचा, राजाची भूमिका करण्याचे स्वप्न पाहणारा गडी फडासाठी नाच्या होतो, आणि मग गाव त्याला पुन्हा गडी होऊ देत नाही. आम्ही सोंगाला टाळ्या दिल्या, पण सोंग घरापर्यंत आले की त्याच्यावर दगड उचलला.

आता कोरियाकडे वळू. तिथेही हे सारे गोडीगुलाबीने झाले असे कोणी समजू नये. आज ज्या देशाचे तरुण केस गुलाबी रंगवतात, त्याच देशात १९७३ साली लष्करशहा पार्क चुंग-ही यांच्या राजवटीने पुरुषांचे लांब केस हा गुन्हा ठरवला होता. पोलीस रस्त्यात तरुणांना पकडून त्यांचे केस कापीत. पुरुष म्हणजे शिपाई, पुरुष म्हणजे कारखान्यातला कष्टाळू कामगार, हे समीकरण तिथे पक्के होते. १९८७ नंतर लोकशाही आली. १९९२ साली 'सो ताइजी अँड बॉइज' या त्रिकुटाने अमेरिकेतल्या रॅपच्या धर्तीवर कोरियन गाणी म्हणून तरुणांना पेटवले. १९९६ मध्ये 'एच.ओ.टी.' नावाची मुलांची पहिली मोठी टोळी आली. आणि १९९७ साली कोरियावर असे आर्थिक संकट कोसळले की आयुष्यभर इमानाने नोकरी केलेले हजारो घरकर्ते पुरुष एकाएकी बेकार झाले. कमावून आणणारा तोच पुरुष, हे ज्या घरांत शिकवले जात होते त्या घरांत मुलांनी वडिलांना रिकामे बसलेले पाहिले. जुने समीकरण तिथे तडकले.

त्या तडकलेल्या जागेतून जो नवा पुरुष वर आला त्याला कोरियन भाषेत एक सुंदर शब्द आहे: 'क्कोन्मिनाम', म्हणजे फुलासारखा देखणा तरुण. जपानी चित्रकथांतल्या नाजूक नायकांची त्यावर छाया आहे, असे जाणकार सांगतात. पण फुलाचे नाव त्या भूमीला परके नाही. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी सिल्ला राज्यात 'ह्वारांग' नावाचे निवडक तरुणांचे पथक होते, आणि त्या नावातही फूलच आहे. देखणे तरुण निवडून त्यांना नटवीत असत, असे जुन्या बखरी सांगतात. आणि हेच तरुण पुढे सेनापती होत. आपल्याकडच्या जुन्या चित्रांतले सरदारही कानांत मोत्यांची भिकबाळी आणि गळ्यात कंठे घालूनच तलवारीला हात घालतात. तलवार आणि मोती यांत भांडण आहे, ही समजूत फार जुनी नाही.

दाभोशातला मुलगा ज्यांचा भक्त आहे, ती सात जणांची टोळी म्हणजे 'बीटीएस'. १३ जून २०१३ रोजी तिचे पहिले गाणे आले. २०२० च्या ऑगस्टमधल्या त्यांच्या एका गाण्याने अमेरिकेच्या यादीत पहिला क्रमांक पटकावला. कोणत्याही कोरियन मंडळीला हे त्याआधी साधले नव्हते. पण त्याहून मोठी गोष्ट २०१८ च्या सप्टेंबरात घडली होती. या टोळीचा म्होरक्या किम नामजून न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघात उभा राहिला आणि आपल्या बालपणाविषयी बोलला. इतरांच्या नजरेतून स्वतःला पाहता पाहता आपण आपलाच आवाज कसा गमावला होता, हे त्याने सांगितले, आणि तरुणांना म्हटले की तुम्ही कोणीही असा, स्वतःविषयी बोला. एका पुरुषाने जगापुढे आपल्या दुबळेपणाची कबुली द्यावी आणि त्यामुळे त्याची किंमत घटण्याऐवजी वाढावी, हे नवीन आहे.

माझ्या मते या गाण्यांनी घडवलेला खरा बदल हाच. त्यांनी काजळ-पावडरीचा शोध लावला नाही. तो आमच्या नाटककंपन्यांनी आणि बोहाड्यानेही लावला होता. त्यांनी पहाट झाल्यावर रंग पुसायचे नाकारले. रंगमंचावरून उतरल्यावरही ते तसेच नटलेले असतात, एकमेकांच्या गळ्यात पडतात, बक्षीस घेताना सर्वांसमोर रडतात, थकल्याचे आणि भ्यायल्याचे कबूल करतात. या पुरुषाला अभ्यासक 'मृदू पुरुषत्व' असे जड नाव देतात. बाजाराने तर अभ्यासकांच्याही आधी त्याला ओळखले. २०१८ साली शनेल या फ्रेंच कंपनीने पुरुषांसाठी रंगप्रसाधने काढली, तेव्हा जगात सर्वांत आधी ती कोरियात विकायला ठेवली.

सरकारांनीही त्याची दखल घेतली. २०२१ च्या सप्टेंबरात चीनच्या सरकारने दूरचित्रवाणीवर 'बायकी' पुरुष दाखवू नयेत असा हुकूम काढला. गाण्याच्या नादाने पुरुष कसा असावा हे बदलते, याचा याहून भक्कम पुरावा कोणता? ज्याचा काही परिणामच होत नाही, त्याच्यावर कोणी बंदी घालीत नाही.

आणि मौज अशी की ज्यांना बायकी म्हणून हिणवले, त्यांची गाठ शेवटी बंदुकीशीच पडली. कोरियात प्रत्येक धडधाकट पुरुषाला लष्करात जावे लागते. पायदळात दीड वर्ष. या नामवंत गवयांना सूट द्यावी काय यावर तिथे बरीच वर्षे वाद झाला. २०२० साली कायदा बदलून त्यांना वयाच्या तिसाव्या वर्षापर्यंत मुदत मिळाली, सूट मात्र मिळाली नाही. सातांतला वयाने वडील जिन २०२२ च्या डिसेंबरात डोक्यावरचे केस उतरवून छावणीत दाखल झाला, आणि जून २०२५ पर्यंत साती जणांची सेवा पुरी झाली. फूल आणि शिपाई हे एकाच देहात राहू शकतात, हे ह्वारांगांच्या देशाने पुन्हा एकदा दाखवले. पण दुसऱ्या बाजूने हेही खरे की जुन्या पुरुषाने नव्या पुरुषाला पुरते सोडलेले नाही.

एकच बाजू सांगून थांबलो तर वाचकांना फसवल्यासारखे होईल. या गोड चेहऱ्यांमागे कंपन्यांचा करडा कारभार आहे. आपल्या नाटककंपन्या जशी कोवळ्या वयाची गोड गळ्याची पोरे उचलून आणीत आणि बिऱ्हाडावर ठेवून तालमी घेत, तशाच या कंपन्या मुलांना वर्षानुवर्षे घासतात. खाण्यापिण्यावर आणि दिसण्यावर पहारा असतो. करार इतके लांबीचे असत की २००९ साली तिथल्या सरकारी आयोगाने सात वर्षांच्या मर्यादेचा नमुना करार घालून दिला. २०१७ च्या डिसेंबरात 'शायनी' या टोळीतल्या जोंगह्यून या सत्तावीस वर्षांच्या गायकाने स्वतःचा जीव घेतला. मनाच्या काळोखाशी तो झगडत होता. २०१९ साली सोलच्या एका नाइटक्लबातल्या भानगडी बाहेर आल्या आणि बायकांवरच्या अत्याचारांत काही नामवंत गवयांची नावे निघाली. त्यांना शिक्षाही झाल्या. म्हणजे चेहरा मऊ केला म्हणून मन मऊ झाले, असे नाही. सोंग ते सोंगच. ते फुलाचे घेतले तरी आत कोण आहे हे पाहावेच लागते.

हे सर्व मनात घोळवीत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्या मुलाबरोबर रेंज येणाऱ्या खडकापर्यंत चालत गेलो. खाली दरीत लेंडीचे पाणी वाजत होते.

"तुला त्यांचं काय आवडतं रे? नाच?" मी विचारले.

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "ते रडतात, काका. सगळ्यांसमोर. आणि त्यांना कोणी हसत नाही."

हळूहळू त्याने सांगितले ते असे. आठव्या वर्षी त्याला घरापासून दूर एका वसतिगृहात ठेवले. दिवाळीनंतर इथली पुष्कळ कुटुंबे वीटभट्टीवर नाहीतर बांधकामावर जातात. त्या वर्षी याचे आईबापही गेले होते. पहिले पंधरा दिवस हा रात्री रडायचा. पोरांनी त्याचे नाव 'बाई' ठेवले. ते नाव त्याला सहा वर्षे चिकटले होते. पुढे त्याने रडणे सोडले, आणि रडण्याबरोबर बोलणेही सोडले. मग टाळेबंदीच्या वर्षी कोणा नातेवाइकाच्या फोनवर त्याने पहिल्यांदा हे सात जण पाहिले. भाषा कळत नव्हती. खालच्या अक्षरांवरून अर्थ लावीत गेला.

ते ऐकल्यावर त्याच्या ओठांवरचे मलम मला फार किरकोळ वाटू लागले. त्या पोराला बायको होण्याची हौस नव्हती, की कोरियन होण्याचीही नव्हती. 'बाई' हे नाव शिवी म्हणून जिथे वापरले जात नाही असे एक गाव त्याला फोनमध्ये सापडले होते.

हिंदी चित्रपट पाहणाऱ्या आपल्या पिढ्यांचेही असेच झाले आहे. १९५५ सालच्या 'देवदास'मध्ये दिलीपकुमार रडले तेव्हा एका पिढीला दुःख हे पुरुषाचे भूषण वाटले. १९७३ साली 'जंजीर'मध्ये अमिताभ बच्चन यांनी खुर्चीला लाथ मारली आणि पुढच्या पिढीला राग हे भूषण वाटू लागले. पुरुषाचा साचा कोणी जन्मतः घेऊन येत नाही. कोणाचे तरी सोंग पाहून तो उचलतो. आता प्रश्न इतकाच की तऱ्हेतऱ्हेची सोंगे पाहायला मिळत असता, कोणते सोंग घ्यायचे हे पोराला निवडू द्यायचे की नाही.

परतताना वाटेत पाड्याची विहीर लागली. या डोंगरात पाऊस कोसळतो तो धो धो. पण ते पाणी उतारांवरून वाहून जाते, आणि चैत्र-वैशाखात याच जव्हार-मोखाड्यात हंडाभर पाण्यासाठी बायकांना कोसभर पायपीट करावी लागते. हंडा-कळशी डोक्यावर, चुंबळ सरकलेली, कडेवर मूल, अशा बायकांच्या रांगा उन्हाळ्यात या वाटांवर दिसतात. त्या रांगेत पुरुष क्वचितच दिसतो. देवी होऊन नाचणारा गडीही नसतो, आणि तारप्याच्या तालावर रात्रभर फेर धरणाराही नसतो.

मी सहज विचारले, "उन्हाळ्यात पाणी कोण आणतं तुमच्याकडे?"

"आई," तो म्हणाला. मग थोडे थांबून, आवाज खाली आणून म्हणाला, "मीपण आणतो. पण पहाटे, अंधारात. कोणी बघायच्या आत परत येतो."

मला वाटते, दूरच्या देशातल्या गाण्याने आपल्या डोंगरातल्या पुरुषाला कुठवर आणून सोडले आहे हे मोजायचे माप इथे आहे. त्या पोराने ओठांना मलम लावण्याचे धैर्य कमावले. ते तो दिवसाउजेडी, बापासमोर लावतो. आईच्या डोक्यावरचा हंडा उतरवून घेण्याची माया तर त्याच्यात आधीपासूनच होती. पण ती अजून त्याला अंधारात लपवावी लागते. पावडरीची चर्चा आपण खूप करतो, कारण पावडर डोळ्यांना दिसते. हंडा दिसत नाही, कारण तो बायकांच्या डोक्यावर असतो.

बोहाड्यातल्या त्या बापाचे सोंग पहाटे उतरते आणि त्याच पहाटे त्याचा मुलगा विहिरीवर जातो, हे त्या दोघांनी एकमेकांना सांगितलेले नसावे. बापाने ते ऐकले तर तो रागावेल असे मला तरी वाटत नाही. वर्षातून एक रात्र जो जगदंबा होतो, त्याला बाईचे ओझे काय असते हे अगदीच ठाऊक नसेल कसे?

पुढच्या वैशाखात त्या वाटेवर, चांगले उजाडल्यावर, कपाळावर केस आलेला एक मुलगा भरला हंडा घेऊन चढणीला लागला, आणि पाराशी बसलेल्या गड्यांपैकी एकही जण हसला नाही, तर मी म्हणेन की मर्दानगी पुन्हा एकदा बदलली. आणि या खेपेला ती संपली, असे कोणी म्हटले तरी त्याची फारशी चिंता करू नये. मिशीच्या वेळीही लोक तसेच म्हणत होते.